टोकन घेतलं म्हणजे कंपनीत हिस्सा मिळाला असं नाही

क्रिप्टोचा प्रोजेक्ट चांगला असला की त्याचा कॉइन, म्हणजे टोकन, वाढणारच असं कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. शेअर घेतला की कंपनीत हिस्सा मिळतो, बहुतेक टोकनमध्ये तसलं काहीच नसतं, प्रोजेक्टने कितीही कमावलं तरी त्यावर तुमचा हक्क नाही. इथं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला असलेला माझा एक मित्र असंच टोकन घ्यायला निघाला होता, मग आम्ही इथरस्कॅनवर (इथेरियमवरचे टोकन आणि व्यवहार दाखवणारी वेबसाइट) त्या टोकनचा काँट्रॅक्ट, म्हणजे ते चालवणारा कोड, उघडून होल्डर्सची, म्हणजे टोकन कुणाकडे किती आहेत त्याची, यादी बघितली तर जवळपास सगळा माल वरच्या चार-पाच वॉलेटमध्येच, वर कोडमध्ये मालकाला पाहिजे तेवढे नवे टोकन काढायची सोय, म्हणजे भाव कधीही पडू शकतो! पैसे घालायच्या आधी एवढं तरी बघाच राव. आणि २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.