काळी चार आली की बोटं अडतात

पेटीवाला: भजनी मंडळात बारा वर्षं पेटी वाजवतोय. सा पहिल्या काळी किंवा पांढरी पट्टीवर धरायचा (काळी एक, पांढरी एक) म्हणाल तर डोळे मिटून. परवा एक ताई काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळी पट्टीला सा धरून, यमन राग गायला बसल्या आणि माझी तारांबळ उडाली. सा, रे, प काळ्यांवर, बाकीचे पांढऱ्यांवर. अंगठा जाईल तिथे अडखळायचा. शेवटी नुसता षड्ज-पंचम (सा-प) धरून बसलो. वर लोक 'मास्तर' म्हणतात! पन्नाशीत हे सुधारतं का?

कोमल_रे: सुधारतं. आधी काळी तीनमध्ये भूप राग वाजवा. पाचही स्वर काळ्यांवरच येतात, भीती मोडते. मग यमनाला हात घाला, पण सावकाश.

डग्गा: स्केलचेंजर घ्या की. पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकदम सरकवायच्या, सूर बदलतो, बोटं तीच.

पेटीवाला: घरी तोच आहे हो, त्यानेच खोड लावली. परवा यजमानांची साधी पेटी होती.

डग्गा: मग राहू दे. मीही तबल्यावर दादरा-केरवा अशा सोप्या तालांचाच, दहा मात्रांचा झपताल आला की मनात मात्रा मोजतो. पण षड्ज धरून बसलात ते बरं केलंत, ताईंना आधार तरी मिळाला.

पेटीवाला: कालपासून भूप सुरू केलाय. बायको विचारते, नवीन शिकताय का?