'राजा शिवछत्रपती' इतिहास म्हणून वाचायचं की गोष्ट म्हणून?

गडवाट
नमस्कार मंडळी, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं 'राजा शिवछत्रपती' घरी आणलंय, दोन्ही भाग. मुलगी नववीत आहे, तिने पूर्वार्ध हातात घेतला तो खाली ठेवेचना, जेवताना पण पुस्तक. मला आनंदच आहे पण परवा विचारते, महाराज आणि जिजाऊ एकमेकांशी काय बोलले ते तेव्हा कोणी लिहून ठेवलं होतं का? मी गप्प. ऑफिसात एक जण म्हणतो ही सरळ कादंबरी आहे, दुसरा म्हणतो याच्यापुढे इतिहास नाही. नक्की काय धरायचं?

शाईचा डाग
पोरगी हुशार आहे हो. ते संवाद लेखकाचेच. पण म्हणून कादंबरी म्हणून मोडीत काढू नका, हा माणूस पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांत वाढलेला, गड पायी तुडवलेला, 1954 च्या दादरा नगर हवेलीच्या लढ्यातही होता. कागद वाचून तो शाहिरासारखा सांगतो, एवढंच. तिला एखादं प्रकरण मोठ्याने वाचायला सांगा, ती वाक्यं डोळ्यांसाठी नाहीतच, कानासाठी आहेत.

तिथीवार
शाहिरी मान्य, पण फरक कळला पाहिजे. जेधे शकावली बघा, म्हणजे जेधे घराण्याकडची जुनी तारीखवार नोंद, तिथी, वार, घटना, संपलं. महाराजांचा जन्म 1627 चा नाही तर 1630 चा हे मानायला आधार मिळाला तो असल्या कोरड्या नोंदीतून. पुरंदरे तेवढ्याच नोंदीवर पहाट, वारा, आईच्या काळजातली धाकधूक असं सगळं चढवतात, वाचताना अंगावर काटा येतो आणि काटा आला की आपण पुरावा विचारत नाही. महाराजांच्या बालपणात दादोजी कोंडदेवांना गुरू म्हणून दिलेल्या जागेवरून केवढं रामायण झालं, 2010 ला लाल महालातला दादोजींचा पुतळा हलवला, 2015 ला पुरंदऱ्यांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाल्यावर पुन्हा तेच. त्यातलं राजकारण बाजूला ठेवा, आक्षेप मात्र नीट वाचा. माझा राग लेखकापेक्षा आपल्यावर जास्त आहे, तीन पिढ्या एकच पुस्तक वाचून थांबल्या.

भालदार
मी पुरंदऱ्यांच्याच 'जाणता राजा'त काम केलंय, आमच्या गावी प्रयोग आला तेव्हा, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो. 1985 पासूनचं नाटक, आवाज सगळा आधी रेकॉर्ड केलेला, आपण फक्त हातवारे आणि ओठ हलवायचे. आधी मावळा म्हणून पळत जायचं, मागे जाऊन पगडी आणि अंगरखा बदलायचा आणि मोगलांकडून परत यायचं, घोडे बाजूने सुसाट, हत्ती आला की पब्लिक उभं राहायचं. तिथे पुरावा कोण मागतो. पण मला गडांची गोडी तिथेच लागली आणि तिथीवार म्हणतात ती शकावली मी नंतर त्याच नादात शोधून वाचली.

गडवाट
@तिथीवार मग याच्या जोडीला तिला काय देऊ? फार जड नको.

तिथीवार
सभासदाची बखर द्या, छोटी आहे. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता आणि राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बसून लिहिली, भाषा जुनी आहे पण दोन पानांत सवय होते. बखरीतही चुका आहेत बरं का, तेही तिला कळू दे. अफजलखानाचं प्रकरण, 10 नोव्हेंबर 1659, दोन्हीकडे वाचायचं आणि पुरंदऱ्यांकडे जास्तीचं काय आहे तिथे पेन्सिलीने खूण करायची. इतिहास संशोधक गजानन मेहेंदळ्यांचे ग्रंथ मात्र तिला आत्ताच नकोत, तळटिपा बघूनच पळेल, ते तुम्ही वाचा, पुढचे प्रश्न तुम्हालाच येणार आहेत.