झाडाची साल गोल निघाली, वाचेल का? (मदत हवी आहे)

राजेंद्रनगर_इंदूर: कृपया लवकर सांगा. खोडात रुतलेली तार काढली तर तिच्याबरोबर सालही निघून आली. पानं हिरवीगार आहेत, तरी शेजारचे काका म्हणतात झाड गेलं. नर्सरीवाला म्हणतो शेणखत घाला. जखमेच्या खालून तीन-चार धुमारे फुटलेत, ते उद्या माळी छाटणार आहे. बाबांच्या हातचं झाड आहे, काहीही करून वाचवायचंय.

मीनल_ग्वाल्हेर: झाड कोणतं? किती वर्षांचं? साल पूर्ण गोल गेली की एखादी पट्टी शिल्लक आहे? सगळं त्यावरच तर आहे!

हिरवा_कोपरा: निंबोळी पेंड दोन किलो, वर गोमूत्र. माझी लिंबं याच्यावरच सुधारली.

मीनल_ग्वाल्हेर: अहो, त्यांच्या झाडाला कीड नाही लागलेली, साल गेलीय.

राजेंद्रनगर_इंदूर: आंबा आहे, लंगडा, 11 वर्षांचा. कपडे वाळत घालायची तार होती. साल पूर्ण गोल गेली, चार बोटं रुंद. तारेच्या वर खोड फुगलंय, खाली बारीक. पण झाड अशक्त नाही हो, यंदा मोहर तर कधी नव्हे इतका आला होता!

गुटीवाले_काका: तो मोहरच सांगतोय काय झालंय ते. सालीच्या आतल्या अंगाला रसवाहिनी ऊती असते, पानांनी तयार केलेली साखर तिच्यातूनच मुळांकडे उतरते. पाणी वर नेणारी जलवाहिनी आत लाकडात असते. तारेनं रसवाहिनी आवळली, साखर वरच अडकली. म्हणून फुगवटा, म्हणून भरघोस मोहर. लाकूड शाबूत आहे, तेव्हा पाणी वर जातंय आणि पानं हिरवी दिसताहेत. मुळं मात्र साठवलेल्या पिठावर दिवस काढताहेत. ते संपलं की झाड एकदम बसतं. आम्ही डाळिंबाची गुटी बांधतो, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून नवं रोप करतो, तेव्हा बोटभर साल गोल काढतो ती याचसाठी. अडलेल्या रसावर काढलेल्या सालीच्या वरच्या कडेला मुळं फुटतात.

धुमारे अजिबात छाटू नका! आज मुळांना खाऊ घालणारं तेवढंच आहे.

हिरवा_कोपरा: मग गुटीच बांधा की, नवीन झाड मिळेल.

गुटीवाले_काका: 11 वर्षांच्या आंब्याच्या खोडाला? आंब्याची गुटी सहसा धरत नाही.

नववी_ब: काका, स्थूलकोन ऊती आणि दृढ ऊतीत फरक काय? सोमवारी पेपर आहे.

मीनल_ग्वाल्हेर: बाळा, वेगळा धागा काढ ना. थोडक्यात सांगते: स्थूलकोन जिवंत, पेशींचे कोपरे जाड, म्हणून देठ वाकतो पण मोडत नाही. दृढ ऊती मेलेली, भिंतींत लिग्निन. नारळाचा काथ्या हातात घेऊन बघ.

बाग_बडोदा: जखमेवर ताबडतोब बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.

गुटीवाले_काका: उघड्या लाकडावर लावा, सालीच्या कडेला नको. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा पातळ, ओलसर थर असतो. नव्या पेशी तोच तयार करतो, कलमही तिथेच जुळतं.

बाग_बडोदा: मी कडेपर्यंत लावतो, आजवर एक झाड गेलं नाही.

गुटीवाले_काका: तुमच्या झाडांची साल गोल गेली नव्हती. इथे जखमेवरून पूल बांधायचाय. धुमारा पेन्सिलीइतका झाला की त्याचा शेंडा तिरका तासा, जखमेच्या वर निरोगी सालीत चीर देऊन आत सरकवा, बारीक खिळ्यानं बसवा, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा आणि वरून मेण लावा. चार बाजूंनी चार केलेत तर उत्तम. धुमारा किंचित धनुष्यासारखा वाकलेला ठेवा, वाऱ्यानं खोड हललं तरी ओढ बसत नाही.

मीनल_ग्वाल्हेर: धुमारे मूळ कलमाच्या जोडाच्या खालून आले असतील तर ते रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या खुंटाचे ना?

गुटीवाले_काका: असू दे. रस उतरायला रायवळही चालतो, आंबे वर लंगड्याचेच लागतील.

राजेंद्रनगर_इंदूर: माळ्याला फोन करून थांबवलं. आत्ता टॉर्च घेऊन पाहून आलो. वरच्या कडेला पांढरट, मऊ गाठींची झालर दिसतेय, खालची कड कोरडी. चारपैकी दोनच धुमारे पेन्सिलीएवढे आहेत, दोन अगदी काडीसारखे. दोघांचाच पूल आत्ता बांधू की चौघांसाठी थांबू? पाऊस रोज आहे.

गुटीवाले_काका: थांबू नका. उघडीप मिळाली की दोन बांधा, बारीक दोन वाढू देत. खालची कड धारदार चाकूनं हिरवी, ओली साल लागेपर्यंत मागे तासा आणि फोटो टाका.