बाबांचा अॅम्प घुमतोय: दुरुस्त करू की नवा घेऊ?

प्रश्न (पंचवटी): बाबांचा ऐंशीच्या दशकातला स्टिरिओ अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) माळ्यावरून काढला. आत २एन३०५५ ट्रान्झिस्टर, मागची वायर उंदराने कुरतडलेली. चालू केला की नुसतं "हूंऽऽ", आवाज शून्यावर नेला तरी तेवढंच. मुलगा म्हणतो, टीपीए३११६ चिपचा तयार अॅम्प बोर्ड आणा आणि विषय संपवा.

सातपूर: आधी वायर बदला. कुरतडलेल्या वायरवर चालू केलात, धन्य आहात! बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे भाग) सुकलेत. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब अॅम्पच्या मेन वायरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच अॅम्पकडे जाईल असा, लावून बघा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख राहिला तर शॉर्ट. नवे कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. कपॅसिटरचे प्लस-मायनस उलटे लावलेत तर तो फुटतो. माझ्याकडे भर मे महिन्यात दिवाळी झाली होती.

सिडको: बोर्डही वाईट नाही हो. क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा प्रकार, फारसा तापत नाही. फक्त २४ व्होल्टचा दमदार अॅडॉप्टर घ्या. मी टीव्हीला तोच लावलाय. पण बाबांचा अॅम्प भंगारात देऊ नका.

पंचवटी: वायर बदलली, बल्ब मंदावला! बाबा खुर्ची ओढून शेजारी बसलेत. म्हणतात, "सोल्डरिंग गन धरतोस की उलथणं?"