घोट्याच्या ऑपरेशनला सी-आर्म कशाला?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): रामकुंडाच्या ओल्या पायरीवरून आई घसरली, घोटा दोन्हीकडून मोडलाय. प्लेट टाकायचीय. एक्स-रे झालाय, मग ऑपरेशन चालू असताना पुन्हा सी-आर्म (तिथेच एक्स-रे दाखवणारं मशीन) कशाला?

उत्तर: ताई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्मच चालवतो. आधीचा एक्स-रे मोडलेलं हाड दाखवतो. सी-आर्म ते हाड नीट बसलंय का दाखवतो, तेही टाके घालण्याआधी. पाय साधारण १५ अंश आत वळवून बघतात, सांध्याची फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. मग हुकाने हाड ओढून नडगीजवळचं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) टिकलंय का तेही तपासतात. हे चुकलं तर सांधा लवकर झिजतो.

आणखी एकाचं उत्तर: माझ्या वडिलांचा एक स्क्रू लांब दिसला, तिथल्या तिथे बदलला.

प्रश्नकर्ती: आणि रेडिएशन?

सी-आर्मवाल्याचं उत्तर: पेशंटला अगदी थोडं. शिशाचा एप्रन आम्हाला, कारण आम्ही रोज तिथे उभे. काकूंना धीर द्या.