शब्दचर्चा : ‘वांशिक नकाशा’ हा शब्द कितपत योग्य?

प्रश्न : कोणते लोक कोठे राहतात हे रंगांनी दाखवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नकाशांना मराठीत सर्रास ‘वांशिक नकाशे’ म्हटले जाते आणि धर्म दाखवणाऱ्यांना ‘धार्मिक नकाशे’. हे दोन्ही शब्द मला खटकतात. पर्याय काय असावेत?

उत्तर १ : ‘धार्मिक’ येथे चालणार नाही. धार्मिक ग्रंथ, धार्मिक विधी असे आपण म्हणतो, तेव्हा ती वस्तूच धर्मभावनेची असते. इ. स. १३०० च्या सुमाराचा हेरफर्डचा जगाचा नकाशा या अर्थाने खराखुरा धार्मिक नकाशा आहे. त्यात जेरुसलेम मध्यभागी आहे, पूर्व दिशा वर आहे आणि जगाच्या कडेला विचित्र देहांची माणसे काढली आहेत. याउलट, ‘इम्पीरियल गॅझेटियर’ या ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थानविषयक माहितीकोशाच्या १९०९ च्या नकाशासंग्रहात हिंदुस्थानातील धर्म दाखवणारा जो नकाशा आहे, त्यामागे श्रद्धा नसून खानेसुमारी आहे. त्याला ‘धर्मनिहाय नकाशा’ म्हणावे. जिल्हानिहाय, वयोगटनिहाय यांप्रमाणे ‘निहाय’ लागले की मोजणी आणि वर्गवारी आपोआप सूचित होते.

‘वांशिक’बद्दलचा आक्षेप याहून गंभीर आहे. मराठीत ‘वंश’ म्हटले की रक्ताचे नाते आणि कुळ डोळ्यांसमोर येते, पण या नकाशाकारांनी वंश मोजलाच नव्हता. ऑस्ट्रियन संख्याशास्त्रज्ञ कार्ल फॉन चोएर्निग यांचा ऑस्ट्रियन साम्राज्याचा १८५५ चा नकाशा मुख्यतः भाषेवर उभा आहे. हंगेरीच्या १९१० च्या जनगणनेत मातृभाषा विचारली गेली आणि तिच्या आधारे ‘हंगेरियन’ ठरवले गेले, त्यामुळे हंगेरियन बोलणारे ज्यूही त्याच रंगात आले. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या नोंदींत तर गणना ‘मिल्लत’नुसार, म्हणजे धर्मसमुदायानुसार होत असे, १८७० मध्ये स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठ स्थापन झाल्यावरही जी स्लाव्हभाषी कुटुंबे कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या धर्मपीठाकडेच राहिली, ती ‘रूम’ (ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती) गटात धरली जात आणि काही नकाशांवर ‘ग्रीक’ म्हणून रंगवली जात. तेव्हा मोजले काय, हे पाहून ‘भाषानिहाय’ किंवा ‘धर्मनिहाय’ म्हणावे, असे माझे मत आहे.

उत्तर २ : आपले म्हणणे पटते, पण पूर्णपणे नाही. मोजली भाषा, पण दावा केला तो ‘लोकां’विषयी, आणि जर्मन नकाशाकार हाइनरिश कीपर्ट यांच्या १८७६ च्या बाल्कन नकाशासारख्या कामांना राजकीय वजन आले ते त्या दाव्यामुळेच. ‘भाषानिहाय’ म्हटल्यास तो दावा झाकला जाईल. मी ‘लोकसमूह-नकाशा’ सुचवेन. ‘जमात’ नको, कारण आज त्या शब्दाला अनुसूचित जमातींचा अर्थ चिकटलेला आहे. ‘समाज’ जातिवाचक होतो.

उत्तर १ : ‘लोकसमूह-नकाशा’ मान्य आहे. मात्र नकाशाखाली रंगांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीत निकष लिहिलाच पाहिजे.

उत्तर ३ : आणखी एका शब्दप्रयोगाकडे लक्ष वेधतो : ‘विविधता दाखवणारा नकाशा’. गॅझेटियरच्या त्या नकाशात प्रत्येक प्रदेशाला तेथील सर्वाधिक अनुयायांच्या धर्माचा रंग आहे, म्हणजे उरलेले सगळे त्या रंगाखाली गेले. याला विविधता दाखवणे कसे म्हणावे? मूळ शीर्षकातील ‘Prevailing Religions’साठी ‘प्रबळ धर्म’ असा शब्द काही जण वापरतात, पण ‘प्रबळ’मध्ये सत्ता आणि जोर येतो, ‘बहुसंख्याकांचा धर्म’ हे लांबलचक असले तरी खरे आहे. हंगेरियन भूगोलतज्ज्ञ पाल तेलेकी यांच्या हंगेरीच्या नकाशाची गोष्ट आणखी निराळी. त्यांनी लोकसंख्येच्या घनतेनुसार रंग भरले, हंगेरियनांना लाल रंग दिला आणि विरळ वस्तीचे भाग पांढरे सोडले. अशा विरळ डोंगराळ भागांत रोमानियन आणि स्लोव्हाक लोक बरेच असल्याने पाहणाऱ्याच्या नजरेत लाल रंगच भरतो. येथे ‘पांढरा’ म्हणजे ‘निर्जन’ नव्हे, हे मराठी सूचीत स्पष्टपणे ‘विरळ वस्ती’ असे लिहूनच सांगावे लागेल.

उत्तर २ : जनगणनेपूर्वीच्या नकाशांना मात्र यांतला एकही शब्द लावू नये. महमूद अल-काशगरी यांच्या अकराव्या शतकातील तुर्की शब्दकोशात (नकाशा शब्दकोशात आहे, हे या चर्चेला साजेसेच!) मध्य आशियातील बलासागून हे शहर मध्यभागी ठेवून भोवती टोळ्यांची आणि प्रदेशांची नावे लिहिली आहेत. तेथे ना टक्केवारी, ना बहुसंख्या. त्यासाठी ‘लोकांची नावे असलेला नकाशा’ असे साधे वर्णन पुरेसे आहे.