मालकाने विमा काढलेला नसेल, तर जखमी कामगाराला भरपाई मिळते का?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ (वय ३०) एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतो. मार्च २०२५ मध्ये डायवर (साच्यावर) पत्रा सरकवताना मशीनचा ठोका दुसऱ्यांदा पडला आणि उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट मुळापासून गेले. पगार दरमहा १४,००० रुपये, तोही रोख, नेमणूकपत्र नाही. मालकांनी दवाखान्याचे २२,००० रुपये भरले. आता ते म्हणतात की, कामगारांचा विमा काढलेलाच नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही. माणुसकी म्हणून ४०,००० रुपये देतो, मात्र यापुढे कोणतीही मागणी करणार नाही असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून बसवलेले संरक्षक कवच) भावानेच काढला होता, असेही ते सांगू लागले आहेत. प्रत्यक्षात तो गार्ड कित्येक महिने मशीनमागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर तेलकट चिंध्या वाळत असत. सही करावी का?

उत्तर १

कृपया सही करू देऊ नका. मी कामगारांच्या बाजूने अशी प्रकरणे चालवतो आणि विमा नसल्याचे हे कारण वारंवार ऐकतो. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम ३ नुसार कामामुळे व काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी थेट मालकावर आहे. विमा ही त्या जबाबदारीसाठी मालकाने स्वतःपुरती करून ठेवायची सोय आहे. ती त्याने केली नाही, तर रक्कम त्याच्या खिशातून जाते, एवढाच फरक पडतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून या विषयाला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी आपला अपघात त्याआधीचा आहे.)

रकमेचा हिशेब आपण स्वतः करून पाहा. एका हाताची दोन बोटे गमावल्यास पहिल्या अनुसूचीत कमाईक्षमतेची हानी २० टक्के धरली आहे. वय ३० साठी चौथ्या अनुसूचीतील गुणक २०७.९८ आहे. १४,००० च्या ६० टक्के म्हणजे ८,४००. त्याला गुणकाने गुणल्यास १७,४७,०३२ रुपये होतात आणि त्याचे २० टक्के म्हणजे सुमारे ३,४९,४०० रुपये. हा आकडा पाहिल्यावर ४०,००० रुपयांच्या कागदाची एवढी घाई का, हे लक्षात येईल. दवाखान्यासाठी दिलेले २२,००० या रकमेतून वजा करता येत नाहीत, कारण उपचारांचा प्रत्यक्ष खर्च हे कलम ४(२अ) खालील वेगळे देणे आहे.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली स्पष्ट केले. त्याच निकालात, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य झाली. महिनाभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार निरर्थक ठरतो. तरीही सही झालेला कागद समोर आला की सुनावणी लांबते, म्हणून तो होऊच न देणे बरे. गार्डचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्या: कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढल्याचे सिद्ध झाले, तर अंशतः अपंगत्वाच्या प्रकरणात मालकाची जबाबदारी टळू शकते. नुसता निष्काळजीपणा त्यासाठी पुरेसा नसतो आणि सिद्ध करण्याचे ओझेही मालकावरच असते. मशीनचे जुने फोटो किंवा व्हिडिओ कोणा सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये असतील, तर आजच मिळवा.

उत्तर २

आमच्या वडिलांच्या प्रकरणावरून सांगते. ते बांधकामावर सेंट्रिंगच्या फळीवरून पडले. ठेकेदाराने त्यांना दवाखान्यात नेले आणि केस पेपरवर “घरी जिन्यावरून पडले” असे लिहून घेतले. वडील शुद्धीवर नव्हते, आम्हीही घाबरलेल्या मनःस्थितीत तो कागद वाचला नाही. त्या एका ओळीवर उलटतपासणीत दोन तारखा गेल्या. शेवटी उपयोगी पडली ती वडिलांच्या खिशातली छोटी वही, जिच्यात दर शनिवारी उचल दिल्यावर मुकादम हिरव्या शाईने सही करत असे. सिमेंटच्या हातांनी तिची पाने कडक झाली होती, पण सह्या वाचता येत होत्या. म्हणून भावाचे केस पेपर आधी नीट वाचा, आणि पगार रोख असला तरी मालकाचे संदेश, फोनवरून आलेली एखादी उचल, हजेरीचा फोटो, जे मिळेल ते जपून ठेवा.

काम ठेकेदाराचे असेल, तर कलम १२ खाली मूळ मालकालाही पक्षकार करता येते. आमच्याकडे पैसे त्याच्याकडूनच आले. आदेशानंतरही रक्कम न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, पण त्यासाठी तहसील कार्यालयात चिकाटीने खेटे घालावे लागतात.

उत्तर ३

वर्कशॉपमध्ये किती माणसे आहेत, हे प्रश्नात आलेले नाही. दहा किंवा अधिक असतील, तर राज्य कामगार विमा कायदा लागू होण्याची शक्यता आहे. तसे असल्यास मालकाने नाव नोंदवले नसले तरी दावा राज्य कामगार विमा महामंडळाकडे जातो आणि महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्या स्थितीत १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. हे आधी तपासले नाही, तर चुकीच्या दारात वर्ष जाते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. तिथे सहाच माणसे आहेत. केस पेपर आज पुन्हा वाचला. “मशीनमध्ये हात सापडून” असे स्पष्ट लिहिले आहे. दाव्यासाठी मुदत किती आणि अर्ज कुठे करायचा?

उत्तर १

अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे मार्च २०२७ पर्यंत. अर्ज नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. आपल्याकडे हे काम बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, आणि भाऊ राहतो त्या भागातही तो दाखल करता येतो. त्याआधी मालकांना अपघाताची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने (नोंदणीसह) पाठवा आणि पोचपावती केस पेपरसोबत ठेवा.